आमच्या घरातलं 'झालं'

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस हल्ली एकच वाक्य बोलतो. आधी चहा घेतो, मग भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, "काकी, फोटो काही त्यांच्यासारखा वाटत नाही हो." अरे बाबा, ज्या माणसाबरोबर मी उभा जन्म काढला, तो कसा दिसायचा हे आता तू मला सांगणार? पण तोंडावर बोलत नाही. बिस्किटांची बशी पुढे सरकवते.

फोटो आमच्या ह्यांचा, माझ्या नवऱ्याचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. फोटोत ते स्टुलावर ताठ बसलेत, खांदे वर चढवलेले, ओठ घट्ट मिटलेले, पासपोर्टसाठी बसावं तसे. आणि हा माणूस माणिकपुरात फोटो स्टुडिओ चालवायचा, दगडालाही हसवायचा. त्यामुळे लोकांचं अगदीच चुकतं असं नाही. माझी मुलगी तर हात धुऊन मागे लागली होती. वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वाटायच्या कार्डावर तिला पप्पांचा हसरा फोटो हवा होता. तिच्या मोबाइलमध्ये एक आहे, कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या माणसाचा अर्धा खांदा मध्येच आलेला. "मम्मी, बघ ना, किती गोड हसतायत." हसतायत, मान्य. पण मला तो नको. का नको ते येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे सांगत बसू, म्हणून शेवटी लिहायला बसले.

आमचा स्टुडिओ म्हणजे एकच लांबट गाळा, मध्ये जाड निळा पडदा. पडद्याच्या बाहेर काउंटर आणि कॉम्प्युटर, तिथे मी. फोटो साफ करायचे, छापायचे, कापायचे, पाकिटात घालायचे. पडद्याच्या आत कॅमेरा, दिवे आणि आमचे हे. गिऱ्हाईक आत गेलं की पडदा ओढायचे आणि यांचं नाटक सुरू व्हायचं.

ह्यांनी कधी कुणाला 'हसा' म्हटलं नाही. "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो," म्हणायचे, "दात बघायला दातांचा डॉक्टर आहे समोरच्या गल्लीत." चर्चमध्ये पोरांच्या पहिल्या कम्युनियनचा विधी असायचा, त्या दिवसांत पांढरे फ्रॉक आणि कोट घातलेली पोरं यायची, फादरांच्या धाकाने गोठलेली. त्यांच्यापुढे हे मोजायला लागायचे, "एक, दोन, चार..." पोरं ओरडायची, "तीन! तीन राहिला!" हे डोकं खाजवायचे. "तीन? तीन कधी आला? आमच्या शाळेत नव्हता." नव्या जोडप्याला बसवलं की नवऱ्या मुलाला अगदी गंभीरपणे विचारायचे, "कोलंबीचं कालवण कुणाच्या हातचं चांगलं? आईच्या, की हिच्या?" त्या बिचाऱ्याचं तोंड व्हायचं बघण्यासारखं, आणि बायको त्याच्याकडे जे बघायची, त्याचा फोटो निघायचा. असे कितीतरी फोटो आज वसईतल्या घराघरांत टांगलेत.

एक नाटक आम्हा दोघांचं होतं. कॅमेरा लावून झाला की हे मुद्दाम लेन्सवर झाकण बसवायचे, आणि मग गिऱ्हाइकाची मान सरळ कर, केस मागे घे, हनुवटी खाली, असं मोठ्या थाटात चालायचं. अगदी शेवटच्या क्षणी मी पडद्याबाहेरून ओरडायचे, "अहो, झाकण!" हे कपाळावर हात मारायचे. "बघा, बाहेरून दिसतं हिला! घरात माझं काय होत असेल?" गिऱ्हाईक खदखदून हसायचं. रोज तेच, आणि रोज मीही पाकिटांत फोटो भरता भरता हसायचे. वेडी कुठली.

पण ह्यांची खरी करामत एका शब्दात होती. गिऱ्हाईक श्वास रोखून, खांदे चढवून बसलं की हे कॅमेऱ्यामागून मोठ्यांदा म्हणायचे, "झालं!" माणूस सुटायचा. खांदे खाली यायचे, श्वास बाहेर पडायचा, सुटलो बाबा एकदाचा असं काहीतरी चेहऱ्यावर यायचं. आणि तेव्हा हे बटण दाबायचे. खरा फोटो 'झालं' म्हटल्यानंतरचा.

हा शब्द मग आमच्या घरात शिरला आणि त्याचा अर्थच फिरला. मुलगी लहान असताना तिला औषध पाजून हे 'झालं' म्हणायचे, की ती उशीत तोंड लपवायची, कारण अजून एक चमचा यायचा असायचा. मी भांडून थकून "झालं माझं" म्हटलं, की हे जीभ टाळ्याला लावून कॅमेऱ्यासारखा 'टक्' आवाज काढायचे. मग कसलं भांडण आणि कसलं काय. आमच्या घरात झालं म्हणजे अजून व्हायचंय. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही.

आमच्याकडे गावच्या म्हाताऱ्या बायकांची एक पद्धत आहे. हातपाय धड आहेत तोवर एक चांगला फोटो काढून ठेवायचा, पुढे भिंतीवर लावायला. लाल लुगडं नेसून, ठेवणीतलं सोनं घालून त्या स्टुडिओत यायच्या. अशा गिऱ्हाइकाला काय चेष्टा करायची? पण हे करायचेच. "आजी, फोटो तयार करून देतो, पण लावायची घाई करायची नाही हं. आधी भिंतीला रंग लावा, मग खिळा आणा, मग हातोडी शोधा." एक आजी तर हसून हसून म्हणाली, "मेल्या, मरायला आले नि तू मला हसवतोस!" तिच्या अंत्यविधीला शवपेटीजवळ तोच फोटो होता. लोक डोळे पुसत होते आणि आजी हसत होती.

मग ह्यांच्या फुप्फुसाने दगा दिला. विडी नाही, सिगारेट नाही, तरी. डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की आता बरं वाटावं एवढंच बघायचं. ह्यांना कुणी सांगितलं नाही, पण ज्याने सगळा जन्म माणसांची तोंडं वाचली त्याला काय सांगायचं? घरी येताना रिक्षात म्हणाले, "चला, आपलाही एक काढून ठेवू. लावायची घाई नाही." मी खिडकीबाहेर बघत बसले. रिक्षाला खिडकी नसते हेसुद्धा तेव्हा मला कळत नव्हतं.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलावू, चांगली पोरं आहेत हल्ली. तर म्हणाले, "नाही. तूच काढायचास. परक्याने 'झालं' म्हटलं तर मला खरंच झालं असं वाटेल." बघा, हा माणूस त्यातही चेष्टा करत होता.

आणि मी तर कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. माझं राज्य पडद्याच्या बाहेर. पण मनाशी ठरवलं, ह्यांचा हसता फोटो मी काढणारच. दुसरं मला काही मागायचं नव्हतं. ह्यांना वाचवणं माझ्या हातात नव्हतं, पण ह्यांचं ते हसू, डोळे बारीक होणारं, एका गालात जास्त येणारं, ते तरी माझ्यापाशी राहायला हवं होतं. मला त्या हसण्याची भूक लागली होती, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

एका रविवारी सकाळी मुलगी नायगावहून आली, तिने ह्यांना धरून स्टुडिओत आणलं. ह्यांनी स्वतः कॅमेरा लावला, वायरचा खटका माझ्या हातात दिला आणि स्टुलावर जाऊन बसले. मी सगळी नाटकं करून बघितली. "एक, दोन, चार." हे शांतपणे म्हणाले, "तीन राहिला." कालवणाचं विचारलं. "तुझ्या हातचं. पुढे?" अहो, ज्याने सगळ्या युक्त्या शोधल्या त्याच्यावर मी त्या चालवायला निघाले होते. शेवटी मी 'झालं' म्हटलं, तर उलट ह्यांनी चेहरा नीट केला, कारण आता टक् होणार हे ठाऊक. मी रडकुंडीला आले. आणि तेवढ्यात हे एकदम हसायला लागले. खरंखुरं, डोळे बारीक करून, तो एक गाल वर. मी पटकन खटका दाबला. "आला! आला!" म्हणून लहान पोरीसारखी ओरडले.

हे लेन्सकडे बोट दाखवत होते. झाकण तसंच होतं. सवयीने ह्यांनी लावलेलं, आणि माझ्या ओरडण्याची वाट बघत ते बसले होते. जन्मभर पडद्याबाहेरून झाकण झाकण म्हणून ओरडणारी मी, त्या दिवशी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून मला ते दिसलं नाही. दिसणार कसं? माझी नजर ह्यांच्यावरून हटत नव्हती. त्यालाच ते हसत होते. फोटो आला काळा ठिक्कर.

हसण्यातून खोकला उठला आणि तो थांबेना. ओठ निळे पडले. मुलीने पाठीला हात लावत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, पुरे. त्यांना हसवू नकोस आता." तिचंही खरं होतं. पण ह्या माणसाला हसवायचं नाही, असं कुणी म्हणेल, अशी वेळ आली होती.

पुढे काही दिवस बरे गेले. एका दुपारी ह्यांनीच विषय काढला. "चल, आज तू खरा फोटो काढ. मी गिऱ्हाईक होतो." मुलीला कळवलं नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने हात देऊन स्टुडिओत बसवलं आणि बाहेर थांबला. ह्या वेळी मी आधी झाकण काढलं, खिशात टाकलं, वर खिसा दाबून बघितला. हे स्टुलावर बसले आणि हुबेहूब गिऱ्हाईक झाले. खांदे वर, ओठ मिटलेले, मान ताठ. उजेड बरोबर पडतो का ते बघायला मी एकदा खटका दाबला. फोटो निघाला. तो मोजायचाच नव्हता, तो नुसता तपासणीचा. आज भिंतीवर आहे तो हाच.

आता मी 'झालं' म्हणायचं, की हे सुटणार, खांदे खाली येणार आणि मी दाबणार. सगळं तयार होतं. पण मला दिसलं की ह्यांनी खरंच श्वास रोखलाय. ज्याला दोन पावलं चालायला श्वास पुरत नव्हता, तो माणूस माझ्यासाठी श्वास धरून बसला होता, डोळ्यांत तीच खोडी, म्हण की गं आता, अशी. आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. तोंड उघडलं, पण 'झा' सुद्धा निघेना.

"म्हण ना," हे म्हणाले.

"उद्या म्हणते," मी म्हटलं. "आज उजेड बरा नाही."

ह्यांना उजेडातलं कळत नव्हतं थोडंच? पण मान हलवली. "बरं, उद्या. बसतो तोवर असाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास अडला आणि ह्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथून ते परत आले नाहीत. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आला, बिचारा भला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काकी, झालं."

मी आत गेले. ह्यांचे खांदे खाली आले होते. ओठ सुटले होते. चेहऱ्यावर अगदी तेच होतं, सुटलो बाबा एकदाचा. आणि मी उभी राहिले, वाट बघत. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी वेड्यासारखी कान देऊन उभी होते, कारण आमच्या घरात झालं म्हणजे अजून व्हायचंय. टक् आवाज आला नाही. तेव्हा कुठे माझा बांध फुटला.

मागच्या रविवारी मुलगी कार्डासाठी पुन्हा आली तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. पहिल्यांदाच. ती भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "म्हणजे पप्पा अजून थांबलेत?"

"हो," मी म्हटलं.

"मग तू म्हणून टाक ना, मम्मी. वर्ष झालं. त्यांना सुटू दे."

तिचा जीव तुटतो माझ्यासाठी, मला कळतं. कार्डावर हाच फोटो छापायचा ठरलाय, आणि लोक पुन्हा म्हणतील की त्यांच्यासारखा वाटत नाही. म्हणू देत. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्यांच्यासमोर उभी राहते. तेही खांदे वर करून, श्वास धरून बघत असतात, आता म्हणेल, मग म्हणेल. नाही म्हणणार मी. डॉक्टरने म्हटलं, अंत्यविधीत फादरांनी म्हटलं, पोरीनेही म्हटलं. मी म्हणणार नाही. उद्या म्हणते, असं सांगितलंय ना ह्यांना, मग बसा म्हणावं तसेच.