गुलब्याची फौजदारीण

आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, कुणालाही 'या, बसा' म्हणायच्या आधी त्याचे हात बघायच्या. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर माझे सख्खे वडील असोत. दोन्ही तळवे त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाला गोठ्याकडे पाऊल टाकता यायचं नाही. "हातात काय हाय?" "काही नाही, विहीणबाई." "मंग मूठ कामून मिटलीय?" माझ्या वडिलांनी बिचाऱ्यांनी मूठ उघडली, तर आत गुळाचा खडा. बैलाच्या तोंडाला लावावा एवढीच हौस. तो खडा आत्याबाईंनी काढून घेतला, आणि मानवतहून आलेल्या व्याह्याला चहा दिला तोही गोठ्याकडे पाठ करून बसवून. गाव त्यांना फौजदारीण म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझा अंदाज आहे, आवडायचंही.

हा सगळा पहारा गुलब्यासाठी होता. गुलब्या म्हणजे आमचा लालकंधारी बैल. पोखर्णीच्या अलीकडे आमचं गाव, तिथं असा रंग दुसऱ्या कुणाच्या दावणीला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात घरची बाकीची जनावरं गेली, काही विकली, काही बसली ती उठली नाहीत. आत्याबाई खडी फोडायला जायच्या आणि येताना पदरात झाडपाला घेऊन यायच्या. गुलब्या तेव्हा वासरू होता; स्वतःच्या वाटणीची अर्धी भाकरी त्यांनी त्याला चारली, असं आमचे हे सांगतात. त्यामुळे 'बैल' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "बैल दुसऱ्याचा. ह्यो गुलब्या."

एरवी त्या जरा तरी माणसात असायच्या. पण सण आला की संपलं. "सनाच्या दिवशी मानसं येडी व्हत्यात अन् जनावर भोगतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीत गल्लीत फटाका वाजला की त्या गोठ्यात जाऊन गुलब्याच्या कानांवर दोन्ही हात ठेवून उभ्या. धुळवडीला कुणी रंगाचा हात घेऊन दारात आलं, तर आतून खराटा यायचा. आणि पोळ्याला तर काय विचारता! शिंगांना तेलाचा रंग लावू द्यायच्या नाहीत, डोळ्यात उतरला तर? साधा हिंगूळ लावायचा, तोही त्यांनीच. घुंगुरमाळेखाली दोन बोटं जातात का, हे तीनदा बघायच्या. वेशीत हलगी वाजते म्हणून गुलब्याच्या कानात घरच्या कापसाचे बोळे. बाकीचे बैल वाजतगाजत जायचे आणि आमचा हा बहिऱ्या पाटलासारखा संथ चालायचा. लोक हसायचे. मला लाज वाटायची, खरं सांगते.

खरा तंटा पुरणपोळीचा होता. आमच्याकडे पोळ्याला बैल दारोदार नेतात आणि घराघरातली बाई त्याला ओवाळून पोळी चारते. नाही म्हणणं म्हणजे त्या बाईचा अपमान. आत्याबाईंनी तो सगळ्या गावाचा केला होता. गुलब्याला मोजून दोन पोळ्या, दोन्ही त्यांच्या हातून. सकाळी एक, वेशीकडे निघताना एक. "दुसऱ्याच्या पुरनात काय हाय, कुनाला ठावं?" त्या असं मोठ्यानं म्हणायच्या, बायका ऐकत असताना.

चौऱ्याहत्तरचा माझा पहिला पोळा. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि अजून माझे हात बघितले जात होते. स्वयंपाकघरातून मी गोठ्याकडे वळले की मागून आवाज, "सूनबाई, तिकडं कामून?" पहाटेपासून मी पुरण वाटत होते, पोळ्या लाटत होते, आणि ज्याचा सण तो दोन पोळ्यांवर! मला भयंकर राग आला होता. शिवाय माया म्हणाल तर होतीच. तो गुलब्या मान वळवून असा बघायचा की वाटायचं, या घरात हाच तेवढा माझ्यावर शक घेत नाही. आत्याबाई पूजेचं ताट घ्यायला देवघरात गेल्या. मी पदराखालून पाच पोळ्या नेल्या आणि चारल्या. हात धुतले, वासही घालवला. वर मनात म्हटलं, घ्या आता झडती.

दिवस कलताना गुलब्या वेशीतून परत आला आणि दावणीला नुसता उभा राहिला. रवंथ नाही. दात खायला लागला, मागच्या पायानं पोटावर मारायला लागला. बघता बघता डावी कूस फुगून वर आली. आत्याबाईंनी कुशीवर हात ठेवला आणि शेजारच्या तुळशीरामाच्या नावानं अशी हाक मारली की तो जेवत्या ताटावरून पळत आला. त्याची ज्वारी त्या साली दुबार पेरलेली, अजून कोवळी. सकाळी गुलब्याला धुवायला ओढ्यावर नेलं होतं, ती वाट त्याच्याच बांधावरून.

"तूच चारलीस ज्वारी! तुजा डोळा हाय माज्या गुलब्यावर!"

"काकू, लेकराची शपथ. म्या बांधाकडं फिरकलो बी न्हाई."

"सूनबाई, गूळ कालीव. घागरभर."

कोवळी ज्वारी बाधली की आमच्याकडे गुळाचं पाणी पाजतात. मी घागरीत गूळ कालवायला बसले. आणि हात चालेना. माहेरी लग्नातलं उरलंसुरलं खाऊन एक शेळी अशीच फुगली होती. तिला असंच गोड पाजलं आणि तासाभरात ती गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गुलब्याच्या पोटात ज्वारी नव्हती, माझं पुरण होतं, हे मला ठाऊक होतं. बोलले तर या घरात जन्मभर माझे हात बघितले जाणार. अहो, हाकलूनही देतील, काय सांगावं! गुलब्यानं मान खाली टाकली. हे पाजायची नळी घेऊन आले.

"आत्याबाई, थांबा," मी म्हणाले. "ज्वारी न्हाई. मी पोळ्या चारल्या. पाच."

मग हेच नळी खाली ठेवून म्हणाले, "आई, म्या बी चार चारल्या. ओढ्यावर." धाकटे भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "वेशीपाशी म्या सा." आणि तुळशीराम, ज्यानं एवढ्या शिव्या खाल्ल्या, तो मान खाजवत म्हणाला, "आमच्या हिनं चार देल्या, काकू. दोनच खातंय म्हनून जीव तुटायला तिचा." आत्याबाईंच्या दोन धरून एकवीस. सगळ्यांनी चोरून दिल्या, म्हणून कुणालाच कुणाचं माहीत नाही.

वाटलं, आता खराटा. आत्याबाईंनी घागर लाथेनं उलटी केली आणि म्हणाल्या, "करडईचं तेल आन. ओवा अन् हिंग. पळ."

तेल नळीनं पाजलं. वारा सुटावा म्हणून तोंडात आडवी काठी बांधली. पुढचे पाय उकिरड्याच्या उंचवट्यावर करून उभा केला, आणि आम्ही पाळीपाळीनं कूस चोळत राहिलो, तुळशीरामसुद्धा. जनावरांचा डॉक्टर परभणीला, वर सणाचा दिवस. दुसरा इलाज नव्हता. दिवेलागणीला गुलब्यानं असा ढेकर दिला की भाऊजी दचकून मागे सरले. आम्ही सगळे हसत सुटलो. आत्याबाई मात्र त्याच्या पायाशी मटकन खाली बसल्या.

"तू बोलली नसतीस," त्या मला म्हणाल्या, "तर म्याच मारला असता गं त्याला. ह्या हातानं."

मला वाटलं होतं, आता तरी स्वभाव बदलेल. कुठलं काय! पुढच्या पोळ्याला पहारा तसाच, खराटा तसाच. तुळशीरामावरचा शक तर वाढलाच. एवढा वेळ गुलब्याची कूस चोळली म्हणजे नक्की याच्या मनात काहीतरी आहे, असं त्या मला कानात सांगायच्या. फक्त माझे हात त्यांनी पुन्हा बघितले नाहीत. काही चुकल्यासारखं वाटलं की म्हणायच्या, "सूनबाईला इचारा. ती सांगंल."

चार वर्षांनी त्यांच्या पोटात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरात जो तो म्हणायचा, आठ दिवसात हिंडायला लागाल. आत्याबाई एकेकाच्या तोंडाकडे बघायच्या आणि गोळी थुंकून टाकायच्या. "मला काय चारायलेत, कुनी सांगंना." दुखणं इतकं, की उशीचं टोक दातात धरायच्या.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. "सूनबाई, ही गोळी खाल्ली तर म्या उठीन का?"

दारात उभे असलेले हे मला खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "दुखायचं तेवढं कमी व्हईल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी मी लपवलं नाही.

"आन मंग," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.