पेढ्यांसोबत वाटलेली कॅसेट

माझी पहिली कॅसेट निघाली तेव्हा बाबांनी सेक्टरभर पेढे वाटले. माझ्या गाण्याचा दुसऱ्या कोणी म्हणून जो काही प्रचार केला तो एवढाच, आणि त्यानेच माझी माती केली.

न्यू वेव्ह रॉक म्हणजे काय, हे त्या काळी भिलाईच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत चार जणांनाही ठाऊक नसावं. मुरक्या नाहीत, ताना नाहीत. कीबोर्डचा कोरडा ठेका, तुटक वाजणारी गिटार आणि सपाट, चिडका आवाज. चिडायला मला कारणं भरपूर होती. बी.ए. होऊन दोन वर्षं मी घरी बसलो होतो आणि जो भेटेल तो 'प्लांटमध्ये लागला का?' एवढंच विचारायचा. त्या चिडीतूनच आठ हिंदी गाणी झाली. नागपूरच्या एका स्टुडिओत, जिथे एरवी देवीची भजनं रेकॉर्ड व्हायची, तिथे ती मी गाऊन आलो.

कॅसेटी आल्या. मी स्वतः खळ लावून पोस्टर चिकटवली. मार्केटातल्या दुकानदाराने पहिलं गाणं लावलं, दुसऱ्या कडव्याला बंद केलं आणि म्हणाला, "भैया, इसमें गाना कब शुरू होगा?" मी कॅसेट उचलून निघून आलो.

खरं सांगायचं तर मला दुकानदाराची पर्वा नव्हती. बाबांनी एकदा चारचौघांत म्हणावं, 'माझा मुलगा गातो', एवढंच मला हवं होतं. बाबा प्लांटमध्ये क्लर्क होते. माझ्या गाण्याबद्दल ते बरं बोलत नव्हते, वाईटही बोलत नव्हते. म्हणून एका रविवारी ते जेव्हा म्हणाले, "दे मले त्या कॅसेटी, वाटून येतो," तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. स्कूटरला पिशवी अडकवून, पेढ्यांचे डबे घेऊन ते निघाले. मी फाटकात उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. इतका आनंद मला कॅसेट हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मागच्या क्वार्टरमधल्या काकूंनी मला रस्त्यात थांबवलं. "अभिनंदन रे बाबू! कोन्त्या डिपार्टमेंटमंधी लागला?"

"लागलो नाही काकू. माझी कॅसेट निघाली."

"हो, ते बी भेटली. पन ड्यूटी कोन्ती आहे?"

तरण्या पोराच्या घरून पेढे आले की आमच्या सेक्टरात त्याचा एकच अर्थ होता. कॅसेट म्हणजे, हळदीकुंकवाला वाटी देतात तशी, वरची भेटवस्तू. मी तडक घरी आलो. बाबा अंगणात स्कूटर पुसत होते.

"बाबा, मी प्लांटमंधी लागलो असं लोकं समजून राहिले."

"मालूम आहे मले."

"मंग तुमी सांगतलं कावून नाही?"

ते सीट पुसतच राहिले. "पयल्या घरी सांगनारच होतो. त्याईनं माया हात धरला. म्हने, सुटले तुमी आता. मंग माया तोंडून निंगालंच नाही."

"आन् बाकीच्या घरी?"

"बाकीच्या घरी मीच सांगतलं, लागला म्हनून."

मला ओरडायचं होतं. पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते माझ्यामुळे कधीच आलेलं नव्हतं. जे घडलंच नाही त्याचा त्यांना आनंद झाला होता. माझा राग घशातच राहिला. त्यानंतर मला गाता आलं नाही.

त्याच आठवड्यात मी प्लांटचा फॉर्म भरला. बापाचं खोटं निभवायचं होतं, दुसरं काय. मध्यंतरी कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "जॉइनिंग लांबून राहिली." सगळ्यांना ते पटायचं. कॅसेटबद्दल मात्र एकाही घरातून शब्द आला नाही, चांगला नाही की वाईट नाही. निदान कोणी शिव्या तरी घालायच्या होत्या.

वर्षभराने ऑर्डर आली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून कपाटात ठेवली. आमच्याकडे कोणी आलं नाही, कारण लोकांच्या लेखी मी कधीचाच लागलो होतो. आणि मी गाणं सोडलं हे मी कोणाला सांगणार होतो? मी गात होतो हेच कोणाच्या हिशेबात नव्हतं.