आजीनं कात्री घेतली तेव्हा दादा लढाईवर होते

माझ्या आईचे केस तिच्या सासूनं कापले. नवरा तिकडं लढाईवर असताना.

आई आज पहाटे गेली. रडून झालंय माझं. आता तिची ही गोष्ट लिहिते, नाहीतर माझ्याबरोबर जायची.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. औंधजवळचं आमचं गाव. आई अठराची. माझे वडील, म्हणजे दादा, पलटणीत, परमुलखात.

आईच्या डोक्यात जाड खपल्या धरायच्या आणि केस झडायचे.

सोरायसिस. हे नाव आम्हाला फार नंतर कळलं. आजीला वाटलं, कोंडा आहे. रोज रिठ्यानं धुवायची आणि फणीनं खसाखसा ओढून काढायची. मायेनंच हं! पण खपल्यांबरोबर केसही यायचे.

टक्कल दिसायला लागलं तशी आजी तिला रेल्वेनं मिरजेला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी आजीलाच झापलं. फणी बंद. तेलानं खपल्या मऊ करायच्या, मग डांबराचं मलम. रोग कायमचा जाईल असं नाही, म्हणाल्या, पण केस परत येतील. फक्त मलम कातडीला लागायचं तर आहेत ते केस बारीक कापावे लागतील.

इथं सगळं अडलं.

नवरा लढाईवर आणि बायकोचे केस कापायचे? अख्खी आळी आजीवर तुटून पडली. पोटच्या पोराचं वाईट चिंततेस म्हणाले. आईही हटून बसली. टकली राहीन, पण माझं कुंकू राहू दे म्हणाली.

"माज्या लेकाचा जीव तुज्या केसांत न्हाई, पोरी. बस खाली."

आणि कापले.

त्यानंतर तीन महिने दादांचं पत्र नाही.

तीन महिने! बायका आईला बघून वाट बदलायच्या. आजी मात्र रोज दुपारी तिला समोर बसवून मलम लावायची. घरभर डांबराचा वास. एक दिवस तिच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. कोवळे केस होते.

पत्र आलंच नाही, दादाच आले, न कळवता. आईचे केस तेव्हा दोन बोटं वाढलेले. गडबडीत पदर घ्यायचाच राहिला. दादांनी स्वतःच्या बारीक कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय गं, तू बी भरती झालीस व्हय?"

आई हसली. मग आजीला शोधायला गेली, तर आजी गोठ्यात, तोंडात पदर कोंबून रडत होती.

"लय भ्या वाटत हुतं गं. रोज वाटायचं, म्याच मारला त्याला."

तरी एकही दिवस मलम चुकवलं नव्हतं तिनं.

मला पस्तिशीत तोच आजार निघाला. स्किन स्पेशालिस्टकडून रडत घरी आले, तर आईनं पाट मांडला आणि म्हणाली, "बस खाली. येत्यात परत."

आले की! डीपी बघा माझा.

आई, सावकाश जा. तुझ्या लेकीचा शेवटचा नमस्कार.