राखेने घासलेली मोटार

मोटारीचा काळा रंग ओला असला की त्यावरचे ओरखडे दिसत नाहीत. वाळला की सगळे दिसतात. हे मी ज्या दिवशी शिकले, त्या दिवशी एकाच मोटारीवर आठ वेळा पाणी ओतलं.

माझा नवरा नागपुरात प्रताप नगरला एका वकिलाकडे ड्रायव्हर होता. बंगल्याच्या मागे एक खोली होती, ती नोकरीबरोबर मिळालेली. एका उन्हाळ्यात तो सायकलवरून पडला आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. साहेब म्हणाले, प्लास्टर निघेपर्यंत गाडी मी चालवीन, पण ती रोज चकचकीत दिसली पाहिजे, नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. दुसरा माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. कामठीचा एक ड्रायव्हर दोनदा फाटकाशी येऊन, जागा रिकामी होते का, असं विचारून गेला होता. नोकरी गेली की खोली गेली. दोन मुली पदरात. माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि उमरेडचा दीर स्वतःच्याच पोरांना पोसता पोसता थकलेला. म्हणून गाडी पुसायचं काम मी अंगावर घेतलं.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. त्या घराला माझ्या नवऱ्याने चालवलेली गाडी चालायची, मी हात लावलेलं भांडं चालायचं नाही. वकिलीणबाई मला पाणीसुद्धा वरून ओतायच्या. आणि भांडी घासण्यात तर मी आमच्या वस्तीत पहिली. माझ्या पितळी गुंडीत तोंड दिसायचं. त्या घरातली पहिली वस्तू माझ्या हाती आली ती ही मोटार. मनात म्हटलं, आता दाखवते यांना घासणं काय असतं. मूर्खपणा होता.

साहेब तीन दिवसांसाठी दिल्लीला गेले. गाडी कडुलिंबाखाली उभी होती. कावळ्यांनी बॉनेटवर घाण केली आणि मे महिन्याच्या उन्हात ती वाळून चिकटली. हात धड असताना नवरा रोज मऊ फडक्याने गाडी नुसती कुरवाळायचा. मला वाटायचं, कामचुकारपणा करतो. मी चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि सगळं बॉनेट गोल गोल घासून काढलं. पाणी ओतलं तेव्हा काळंभोर दिसलं. मी खूश झाले.

मग ते वाळलं. कढईच्या बुडावर असतात तशी वर्तुळं, एकात एक, एकावर एक, बॉनेटभर. मला वाटलं राख राहिली. पाणी ओतलं, वर्तुळं गेली. वाळलं, परत आली. असं आठ वेळा. आठव्या वेळी कळलं, ही राख नाही, ओरखडे आहेत.

नवरा गळ्यात हात अडकवून बाहेर आला. बॉनेटवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"कायनं घासलं वं?"

"राखेनं."

"थे कढई हाये काय?"

"घाण निघून नोती राहिली."

"घाण नाही निघाली, आपण निघालो आता. परवा साहेब येतीन."

घरात खोबरेल होतं, ते मी चोळलं. तासभर झकास दिसलं. मग दुपारच्या गरम वाऱ्याची लू सुटली आणि रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली. ते धुऊन काढण्यात दुपार गेली. शेवटी नवऱ्याने मला मिस्त्रीकडे पाठवलं. हा म्हातारा रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमध्ये मोटारी रंगवायचा आणि नवऱ्याच्या ओळखीचा होता. मी सगळं सांगितलं तसा तो हसत सुटला.

"बाई, गाडी घासली का डेगची?"

"हसू नका. घर जाते माझं."

मग तो हसायचा थांबला. डबीच्या झाकणात त्याने एक घट्ट लालसर लेप दिला. त्याला ते लोक कंपाउंड म्हणत. तो म्हणाला, "ओरखडा निघत नसतो बाई. आजूबाजूचा रंग ओरखड्याएवढा खाली आणावा लागतो. ओल्या मऊ कपड्यावर घ्या आणि सीधा हात चालवा, पुढून मागे. गोल नाही. आणि कडेला हात नका लावू. तिथं रंग पतला राहते, खालचा लाल अस्तर निघून येईल. निघाला तर मग मी पण काही करू शकत नाही, पूरा रंग मारावा लागते."

नवऱ्याचं फडकं तेलाने माखलं होतं. दुसरं मऊ सुती कापड घरात एकच होतं. दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं. ते फाडलं. जुनं झालंच होतं.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी बॉनेट घासत होते. पत्रा तव्यासारखा तापलेला. नवरा शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने फडकी ओली करून देई आणि एकच बोले, "सीदा. सीदा. गोल कायले फिरवते?"

"जन्मभर भांडे घासले. हात आपोआप फिरते."

"मंग दुसऱ्या हातानं कर."

डाव्या हाताने केलं. त्या हाताला भांड्यांची सवय नव्हती, तो सरळ चालला. हळूहळू वर्तुळं फिकी होत गेली. खांदा सुजला, बोटांची सालं गेली. संध्याकाळी थोडंसंच राहिलं, अगदी कडेला. नवरा म्हणाला, राहू दे. मी राहू दिलं नाही. दोनदाच हात फिरवला आणि अंगठ्याएवढा लाल डाग उघडा पडला.

मी रडले नाही. नवरा रडला. मला त्याचा रागच आला. मुलीच्या डबीतलं काजळ घेतलं, मेणबत्तीच्या मेणात कालवलं आणि त्या डागावर बसवलं.

साहेब आले. गाडीभोवती फिरले, म्हणाले, "छान ठेवली आहे." आणि गाडी घेऊन गेले. मी खोलीत जाऊन जमिनीवर आडवी झाले. तेवढ्यात दारात वकिलीणबाई.

"मी खिडकीतून सगळं पाहिलं. काजळसुद्धा. साहेबांना अजून सांगितलं नाही."

मी उठून उभी राहिले.

"आमची मोलकरीण गावी चालली आहे. उद्यापासून भांडी मागच्या नळाशी ठेवत जाईन."

पैशांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी साहेब कोर्टात निघायच्या आत मी डागावर काजळ भरायची, कारण उन्हाने ते ओघळायचं, आणि सकाळ-संध्याकाळ नळाशी बसून त्या घराची भांडी घासायची. माझा हात भांड्याला लागला तर विटाळ व्हायचा, ती भांडी आता मीच घासत होते. घासून झाली की बाई त्यांवर पाणी शिंपडायच्या आणि मगच आत न्यायच्या. रोज मला वाटायचं, आज साहेबांचं बोट तिथे लागणार. मोलकरीण आठ दिवसांत परत आली, तरी भांडी माझ्याकडेच राहिली.

महिन्याभराने प्लास्टर निघालं. पहिल्याच दिवशी साहेबांना कोर्टात सोडून नवऱ्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. पूरा रंग मारावा लागते म्हणणाऱ्या मिस्त्रीने तेवढ्याच कडेवर कसा तरी रंग मिळवून दिला. संध्याकाळी भांडी नळाशी आली. मी बसले नाही.

"भांडी तशीच आहेत," बाई म्हणाल्या.

"हो."

"साहेबांना सांगू का मग?"

"सांगा. आन् डाग कुठं हाये थे बी दाखवून द्या."

त्या गाडीपाशी गेल्या. कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं; काजळ लागलं नव्हतं. मला धडकी भरली, कारण तिरप्या उन्हात माझी वर्तुळं बॉनेटच्या मधोमध अजून थोडी दिसत होती. बाजूने वाकून पाहिलं असतं तर बाईंना सापडली असती. त्या वाकल्या नाहीत. पदर सावरून आत गेल्या.

भांडी तशीच नळाशी पडून राहिली. सकाळी कुणी घासली, ते मी पाहायला गेले नाही.