टॉर्चला चामड्याची मूठ

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली ‘सेल्या’ म्हणते. टॉर्च, रेडिओ, दारावरची घंटी, सेलवर चालणारं काहीही बिघडलं की ते त्याच्या दुकानात यायचं. बत्तीस वर्षं त्यानं ते दुकान चालवलं. मग प्रत्येकाच्या मोबाइलमध्येच टॉर्च आली आणि त्याच्यावर माशा मारत बसायची पाळी आली. शेवटी शटर ओढून हत्यारांची पेटी घरी आणली आणि खिडकीपाशी टेबल मांडून बसला. न बिघडलेल्या वस्तू उघडायच्या आणि परत बंद करायच्या, हा दिवसभराचा उद्योग. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, चामड्याच्या बॅगा शिवते. मशीन थांबवून खाली गेले की विचारायची, “काय रे, आज काय दिवे लावलेस?” तो हसायचा. आता ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्याची बायको, माझी वहिनी, आधी दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागली. मग तिला बाजूला ठेवलेला चमचा दिसेना, पायरी दिसेना. “चष्म्याचा नंबर वाढला असेल हो वन्सं,” असं ती मला म्हणायची. मीच मागे लागून दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा, डाव्यात थोडी नजर उरलीय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचवायचं तर ऑपरेशन लवकर करा. थेंब दिले, तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

वहिनी ऑपरेशनच्या नावानंच गळाठली. आणि सेल्या? सेल्याच्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक ‘दिसत नाही’ म्हणालं की टॉर्च उघडायची. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा डोळा तपासायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्यानं आधी घरातले सगळे दिवे बदलले. स्वयंपाकघरात गेलं की माणसाला घाम फुटेल इतका प्रकाश. तरी तिला कपाटातलं दिसेना, तेव्हा त्यानं त्याची ती महागडी टॉर्च काढली.

आयुष्यात त्यानं स्वतःसाठी घेतलेली ती एकच चैनीची वस्तू. डोंगरात हरवलेली माणसं शोधणारे लोक वापरतात तसली. आम्हाला हात लावू द्यायचा नाही. ती जास्त वेळ चालू ठेवली की तापते, आणि जळू नये म्हणून आपोआप मंद होते, तशी सोयच कंपनीनं आत केलेली. सेल्यानं पहिल्या झटक्यात ती सोय काढून टाकली. मग आतला दिवा बदलला, जाड तारा घातल्या, जास्त करंट देणाऱ्या बॅटऱ्या आणल्या. दिव्याखाली तांब्याची चकती बसवली, म्हणजे दिव्याची धग बाहेरच्या नळीत उतरेल आणि दिवा तगेल. आणि एका दुपारी पडदे ओढून त्यानं टॉर्च तिच्या हातात दिली.

वहिनीनं औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मी समोर होते, खोटं नाही सांगत. अडखळत वाचली, पण वाचली. सेल्या लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. “डॉक्टरला डोळे कळतात ताई, पण उजेड मला कळतो!” त्यानं लगेच दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. मी काय केलं? मी म्हटलं, “चला, चिरफाड टळली.” तेवढीच माझी अक्कल. थेंबांची बाटली संपली, ती नवी आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतरचे चार महिने सेल्या जो कामाला लागला, तो जेवायला हाक मारली तरी उठेना. एकेक सुधारणा करायचा आणि तिला बसवायचा. टॉर्च तिच्या हातात, हा भिंतीकडे बोट करून विचारणार, “आता? कालच्यापेक्षा?” ती जरा थांबायची, मग म्हणायची, “हो, आज जास्त आहे.” दर वेळी बरोबर. त्यानं मुद्दाम कमी करून बघितलं, तर म्हणाली, “आज काय झालं हो हिला?” सेल्या माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. दुकान बंद झाल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. इकडे वहिनी चहा ओतताना कपात बोट बुडवून बघायची. मी तिला फटकारलंसुद्धा, “अगं, काय ही घाणेरडी सवय लागलीय तुला!” तिनं निमूटपणे बोट पदराला पुसलं.

टॉर्च आता तव्यासारखी तापायची. एक दिवस वहिनीच्या तळहाताला टरटरून फोड आलेला दिसला. माझं डोकंच फिरलं. “भाजतंय तर सोडून द्यायची ना! हात आहे की चिमटा?” ती म्हणाली, “तापली की सवय होते हो.” मी सेल्यालाही शिव्या घातल्या, म्हटलं बायकोचे हात होरपळून काय उजेड पाडणार आहेस? तो वरमला. “ताई, तू काहीतरी शिवून दे ना हिला.” वहिनी पटकन म्हणाली, “नको हो, कशाला त्रास त्यांना?” मला वाटलं, बाई भिडस्त आहे.

मी दोन पदरी चामडं घेतलं, आत नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, भरला आणि नळीच्या मापाची मूठ शिवली. माझ्या हातचं काम, चुलीवर धरली असती तरी आत धग पोचली नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी घेऊन गेले. सेल्या टेबलाशी होता. टॉर्चचं तोंड नुसतं वरवर बसवलेलं, आतली एक तार अजून सोल्डर करायची राहिलेली, ते करायला तो सोल्डरिंगची सळई तापवत होता. मी म्हटलं, “तोवर मूठ तर बसवून बघू,” आणि चढवली. अगदी घट्ट बसली. मग मीच ती वहिनीच्या हातात दिली. “धरून बघ गं, हाताला कशी वाटते?”

वहिनीनं बटण दाबलं. टॉर्च भिंतीकडे केली. जरा थांबली, बोटं मुठीवरून फिरवली, परत थांबली. मग मोठ्यांदा म्हणाली, “अगंबाई! काय लख्ख पडलाय हो आज! वन्सं, तुमच्या साडीची किनारसुद्धा दिसतेय.”

भिंत तशीच्या तशी होती. आणि मी त्या दिवशी साडी नेसलेच नव्हते, कामाचा गाऊन होता अंगात.

सेल्यानं सळई हातातून खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. तो इतकंच म्हणाला, “तार जोडलेली नाहीये अजून.” वहिनीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं ती टॉर्च अशी सावकाश मांडीवर ठेवली, जणू झोपलेलं मूल आहे. फोड येईपर्यंत ती का धरून बसायची, ते मला त्या वेळी समजलं. किती तापते यावरून ती उजेड सांगत होती. आणि मी शहाणी, मी दोन पदरी चामडं शिवून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला, तारखेवर बोट ठेवलं. “ही रद्द का केलीत?” त्यांनी दोन्ही डोळे तपासले, पुन्हा तपासले. उजव्याचं तर विचारूच नका, पण डावाही गेला होता, कायमचा. त्या वेळी आला असतात तर एवढी तरी नजर राहिली असती, म्हणाल्या, आणि हाताची दोन बोटं एकमेकांपासून थोडी लांब करून दाखवली. आता काही केलं तर फक्त डोळ्यांचं दुखणं थांबेल. वहिनी त्यांना म्हणाली, “यांना काही बोलू नका हो, मीच दिसतंय म्हणत होते.”

बाहेर बाकावर बसलो. औषधाच्या चिठ्ठीसाठी आमचा नंबर यायचा होता. सेल्याचे प्रश्न सुरू झाले.

“औषधाच्या बाटलीवरचं?”

“ते खरंच दिसलं होतं. नंतरही दोनदा दिसलं. मग कमी व्हायला लागलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही शीळ घालत होतात हो काम करताना. दुकान बंद झाल्यापासून घातली नव्हती. मला वाटलं, पुढची टॉर्च झाली की दिसेल, मग खोटं राहणारच नाही.”

मी मधे पडले, म्हटलं पुरे रे आता. मला ऐकवत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

“मी मिशा काढल्या, ते ओळखलंस ना?”

“गालाला लागलं नाही, म्हणून.”

“खिडकीतलं मांजर?”

“ओरडलं होतं ते.”

समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन गेली, पोराच्या डोळ्याला पट्टी होती. मग त्यानं विचारलं, आवाज इतका बारीक की मलाही जेमतेम ऐकू आला. “मला शेवटचं कधी पाहिलंस?”

वहिनीनं आठवून सांगितलं. तिसऱ्यांदा टॉर्च उघडली तो दिवस. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तो टेबलाशी. तिला वाटत होतं की हाक मारावी, त्यानं वर बघावं. पण तो तार जोडत होता, हात हलला असता, म्हणून ती थांबली.

“म्हणजे चेहरा…”

“चेहरा नाही दिसला,” वहिनी म्हणाली. “तुमची मान खाली होती. डोक्यावरचे केस विरळ झालेत, तेवढं दिसलं.”