न दाखवलेली चार मिनिटं

राजापेठेत पहिल्या मजल्यावर माझा लग्नांच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. खाली तेव्हा कॉमर्सच्या ट्यूशन चालायच्या. तिथं शिकवणाऱ्या मॅडम एका दुपारी जिना चढून वर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊ, लग्नाच्या कॅमेऱ्यानं कारखान्याची फिल्म निंगते का?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्गातली पोरं घसारा, साठा, उत्पादन खर्च सगळं घोकतात आणि त्यातल्या एकानंही कापसाचं जिनिंग आतून पाहिलेलं नाही. सगळ्यांना तिथं नेता येत नाही, मग धंदाच वर्गात आणून दाखवायचा.

पहिली फिल्म आम्ही शेंदूरजनाघाटला केली, संत्र्यांच्या पॅकिंगवर. मी मित्राचा ड्रोन मागून नेला होता. मॅडमनी तो पेटीतून काढूच दिला नाही. आधी तासभर त्या संत्री निवडणाऱ्या बायांमध्ये बसून राहिल्या, मलाही बसवलं. मग एका मावशीला विचारलं, "न कापता कसं कळते, कोणतं टिकन ते?" मावशीनं त्यांच्या दोन्ही हातांवर एकेक संत्रं ठेवलं. "आता डोये मिट." मॅडमनी मिटले. "डाव्या हातातलं हलकं लागून राहिलं," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "हाव. ते आतून सुटलं. ते दूर नाई जात."

फिल्ममध्ये हे तसंच ठेवलं. मी संगीत टाकायला बघत होतो, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मग वर्गातल्या भिंतीवर फिल्म लावली. संपली तेव्हा मागच्या बाकावरची पोरं म्हणाली, परत लावा. अकरा वर्षं मी लग्नं काढत होतो. माझं काम इतकं चुपचाप बसून कुणी पाहिलं नव्हतं.

पुढं मॅडमनी या फिल्मसाठी ट्यूशन सोडली. घरच्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी ठरवलं होतं. धंदेवाले स्वतःहून बोलवायला लागले. प्रत्येकाला फिल्म आपल्या नव्या गेटपासून सुरू व्हायला हवी असायची. मॅडम हसून सांगायच्या, "गेट घेईन ना, शेवटी घेईन. पहिले काम तर पाहू द्या."

भाषणांचं सुरू झालं धामणगावला. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांना बोलायला बोलावलं होतं. एवढी वर्षं शिकवूनही त्या दिवशी त्यांनी सगळं कागदावर लिहून आणलं होतं. दुसऱ्या पानावर आल्या तोच पुढच्या रांगेतले एक म्हातारे काका म्हणाले, "बाई, हे वाचून नका दाखवू. हे आमाले मालूम हाय. तुमी काय पाह्यलं ते सांगा." सभा हसली. मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये टाकले, काकांना नमस्कार केला आणि संत्र्यावाल्या मावशीपासून बोलायला लागल्या. त्यानंतर त्यांनी भाषणाला कधी कागद नेला नाही. पुण्याच्या मोठ्या सभागृहातही त्या राजापेठेत बोलतात तशाच बोलल्या.

अकोल्याच्या दालमिलची फिल्म मात्र मला वेगळ्या कारणानं लक्षात आहे.

मिलचे मालक साठीचे, मोकळे गृहस्थ. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी, वाळत घातलेल्या तुरीजवळ उभे असताना, त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. मिल नवी होती तेव्हा त्यांनी घाई केली, तूर पुरती वाळायच्या आत भरडायला लावली. माल बुरशी लागून परत आला. वडिलांनी जाब विचारला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मुकादमावर ढकललं. मुकादमानं जेवणाचा डबा उचलला आणि तो निघून गेला. "तो फक्त माह्याकडे पाहून राहिला होता," मालक म्हणाले आणि वाकून तूर पसरू लागले. कॅमेरा चालूच होता, चार मिनिटं असतील. मी इतकं खरं काही कधीच शूट केलं नव्हतं.

फिल्म तयार झाली, त्यांना दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मॅडम, ते तेवढं काढून टाका. पोरं आता मिलमध्ये बसतात. त्याईले मालूम नाही."

मॅडमनी लगेच हो म्हटलं. मी चिडलो. "मॅडम, तेच तर खरं आहे, बाकी नुसती डाळ!"

"फिल्म आपली हाय भाऊ. बोलणं त्याईचं हाय. तुमी डिलीट करा."

मी फिल्ममधून ते काढलं, पण एक कॉपी हार्ड डिस्कवर ठेवली. काही महिन्यांनी बाहेरगावच्या एका आयोजकानं मॅडमच्या भाषणासाठी अपयशाचे किस्से मागितले, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं मॅडमना सांगून टाकलं की ती क्लिप माझ्याकडे आहे. मॅडमनी डिस्क मागितली, माझ्याच खुर्चीत बसून ती क्लिप पुसली आणि जिना उतरून गेल्या. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पोहे केले. विषय काढला नाही. त्या आयोजकाच्या सभेत त्यांनी किस्से सांगितले ते स्वतःच्या फसलेल्या फिल्मचे.

पुढच्या वर्षी अकोल्यात एका सकाळी व्यापाऱ्यांपुढं मॅडमचं भाषण होतं. बोलून झाल्यावर त्यांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तर मधल्या रांगेतून ते मिलमालक उठले. शेजारी दोन्ही मुलं बसली होती. "मले विचाराचं नाही, सांगाचं हाय," ते म्हणाले आणि तुरीची, मुकादमाची ती गोष्ट सगळ्या बाजारासमोर सांगायला लागले.

मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. मंचावरून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली केला. बंद करा. मी बंद केला. या वेळी मला राग आला नाही.

मालक म्हणाले की ते मुकादमाच्या गावी जाऊन आले. तो वारला होता. घरी त्याची बायको होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा केला. एवढं सांगून ते बसले. थोरल्या मुलानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

परतताना गाडी मी चालवत होतो. मॅडम शेजारी बसल्या होत्या. मूर्तिजापूर मागं पडल्यावर म्हणाल्या, "त्या बाईनं चहा दिला, भाऊ. काय वाटलं असन तिले, चहा ठेवताना?"

बडनेऱ्यापर्यंत त्या तेच विचारत होत्या, कधी मला, कधी खिडकीबाहेर बघून स्वतःलाच.