समोरच्या टेबलावरची फाईल

डिंकाचा वास आला की मला पुण्यातलं आमचं सरकारी कार्यालय आठवतं. बदल्यांची माझी शाखा आणि मंजुरीची शाखा तिथे एकाच खोलीत, समोरासमोर बसायची. दूरच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातून एक नर्सबाई आल्या होत्या. नवरा कोथरूडला अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्यांना पुण्यात बदली हवी होती. "अहो, त्या समोरच्या टेबलावर फाईल मीच ठेवते की," त्या म्हणाल्या. मी रंगात येऊन हात पसरले. "बाई, ती आधी खाली जावक होणार, मग आवक होऊन जिना चढणार. सरकार आहे हे, हातोहात वाढायला पंगत नाही." सगळी खोली हसली, त्याही हसल्या. पंधरा दिवसांनी मंजुरी आली आणि मी हौसेने फोन लावला. "आता राहू द्या," त्या म्हणाल्या, "पुण्यात कोणी उरलं नाही." निवृत्त होताना मी त्या टेबलापर्यंत चालून पाहिलं. चार पावलं भरली.